यंगर ड्रायस आणि उल्कापात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमयुग ओसरत असताना, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्धातलं हवामान मध्येच उलटं फिरलं आणि पुढची जवळपास बाराशे वर्षं थंडी परत आली. धूमकेतू किंवा उल्का आदळल्यामुळे हे घडलं, असं सांगणारे व्हिडिओ मराठीतही भरपूर आहेत. त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. हवामान अचानक बदललं का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर पक्कं आहे. ते आकाशातून काही आदळल्यामुळे बदललं का, हा दुसरा. त्याचा पुरावा लंगडा आहे. खालची उत्तरं हे दोन प्रश्न वेगळे ठेवून दिली आहेत.

यंगर ड्रायस म्हणजे नेमका कोणता काळ?

ग्रीनलंडच्या बर्फातले थर मोजून काढलेल्या कालक्रमानुसार तो १२,८९६ वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ११,७०३ वर्षांपूर्वी संपला. हे आकडे इ.स. २००० पासून मागे मोजलेले आहेत. मोजणीतली जास्तीत जास्त चूक सुरुवातीच्या तारखेत १३८ वर्षं आणि शेवटच्या तारखेत ९९ वर्षं धरली जाते. त्याआधी, सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीपासून, बोलिंग-आलेरोड नावाचा उबदार काळ होता. यंगर ड्रायस संपला तिथून होलोसीन, म्हणजे आपला सध्याचा काळ, सुरू होतो.

हे नाव कशावरून पडलं?

ड्रायस ऑक्टोपेटाला या आठ पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलावरून. हे झुडूप टुंड्रात आणि उंच डोंगरांवर वाढतं. डेन्मार्कमधल्या आलेरोड इथल्या मातीच्या खाणीत, उबदार काळातल्या वनस्पतींच्या थरावर पुन्हा या थंडीतल्या झुडपाची पानं सापडली. खालच्या जुन्या थंड थरांतही ती होती, म्हणून वरच्या थराला ‘यंगर’, म्हणजे धाकटा, असं म्हटलं गेलं.

‘अचानक’ म्हणजे किती वर्षांत? आणि इतक्या जुन्या गोष्टी वर्षांच्या हिशेबात कशा कळतात?

सुरुवात आणि शेवट यांची चाल वेगळी आहे. ग्रीनलंडमध्ये थंडी दीडदोनशे वर्षांत उतरत गेली. शेवट मात्र झपाट्याने झाला. तिथलं तापमान काही दशकांत सुमारे १० अंश सेल्सियसने चढलं, आणि वर्षाला पडणाऱ्या बर्फाचं प्रमाण तर अवघ्या तीनेक वर्षांत दुपटीच्या आसपास गेलं. चर्चेत बहुतेक वेळा सुरुवातीवरच भर असतो, पण खरी चकित करणारी गोष्ट हा शेवट आहे.

हे कळतं ते बर्फाच्या गाभ्यांवरून. ग्रिप (३,०२९ मीटर, १९९२), जिस्प-२ (३,०५३ मीटर, १९९३) आणि नॉर्थग्रिप (३,०८५ मीटर, २००३) ही ग्रीनलंडमधली तीन मोठी छिद्रणं. दरवर्षी वसंतात धूळ जास्त येते, हिवाळ्यात समुद्री मीठ जास्त येतं, त्यामुळे झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे थर मोजता येतात. मग एकाच थरातून वेगवेगळ्या साक्षी घेतात:

- बर्फातल्या जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजन-१८) प्रमाण. हवा थंड असेल तर ते कमी असतं.
- बुडबुड्यांतल्या हवेतलं नायट्रोजन-१५. पृष्ठभाग एकदम तापला की वरचा सैल बर्फ उबदार आणि खालचा अजून थंड राहतो. जड नायट्रोजन थंड बाजूला सरकतो. त्याची वाढ म्हणजे तापमानाच्या उडीचा थेट ठसा.
- त्याच बुडबुड्यांतला मिथेन. तो मुख्यतः पाणथळ जमिनींतून येतो, त्यामुळे उष्ण कटिबंधातला पाऊस कधी वाढला ते समजतं.

इथे एक खाचखळगा आहे. बर्फ घट्ट होऊन बुडबुडे बंद व्हायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे बुडबुड्यातली हवा तिच्याभोवतीच्या बर्फापेक्षा शेकडो वर्षांनी तरुण असते. ही दुरुस्ती न करता दोन आलेख एकमेकांवर ठेवले, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. नायट्रोजन आणि मिथेन एकाच हवेत असल्यामुळे त्यांची तुलना मात्र थेट करता येते, आणि ती सांगते की ग्रीनलंड तापणं व मिथेन वाढणं काही दशकांच्या आत घडलं.

सगळी पृथ्वीच थंड झाली होती का? आपल्याकडे काय झालं?

नाही. उत्तर अटलांटिकच्या भोवती थंडी तीव्र होती, पण त्याच काळात अंटार्क्टिका हळूहळू तापत होता. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जावं, तसं हे आहे. कारणाचा शोध घेताना ही खूण फार मोलाची ठरते, कारण धुळीने सूर्य झाकला गेला असता तर दोन्ही टोकं थंड व्हायला हवी होती.

भारतात थंडीपेक्षा पाऊस महत्त्वाचा. अरबी समुद्राच्या तळचा गाळ आणि मेघालयातल्या मॉमलूह गुहेतले चुनखडीचे स्तंभ या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस मंदावल्याचं दाखवतात. याच गुहेतल्या एका स्तंभावरून, ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळी बदलाला आधार धरून, २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालगणनेत ‘मेघालयन’ हा कालखंड मान्य झाला.

मग सर्वाधिक स्वीकारलेलं कारण कोणतं?

अटलांटिक महासागरातलं अभिसरण मंदावणं. उष्ण, खारं पाणी पृष्ठभागावरून उत्तरेला जातं, तिथे थंड व जड होऊन बुडतं आणि तळाने दक्षिणेकडे परततं. या फेऱ्यातून उत्तरेला प्रचंड उष्णता पोचते. उत्तरेत गोडं पाणी मोठ्या प्रमाणावर मिसळलं तर पृष्ठभागाचं पाणी हलकं राहतं, बुडत नाही आणि फेरा अडखळतो.

गोडं पाणी होतंच. उत्तर अमेरिकेवरची लॉरेंटाइड हिमचादर वितळत होती आणि तिच्या दक्षिण काठाशी अगासिझ नावाचं अवाढव्य सरोवर साचलं होतं. आधी त्याचं पाणी मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जायचं. बर्फाचा काठ मागे हटल्यावर ते सेंट लॉरेन्समार्गे थेट उत्तर अटलांटिकमध्ये वळलं, असं वॉलेस ब्रोकर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलं. पूर्वेकडे त्या पुराच्या खुणा नीट मिळेनात. २०१० मध्ये कॅनडातल्या मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ पुराने वाहून आणलेली खडी सापडली, आणि २०१८ मध्ये ब्यूफोर्ट समुद्रातल्या सूक्ष्म कवचांमध्ये गोड्या पाण्याची नोंद मिळाली. वाट कोणती यावर वाद आहे. अभिसरण मंदावलं यावर फारसा नाही.

ते मंदावलं हे तपासायची रीत सुंदर आहे, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून प्रोटॅक्टिनियम आणि थोरियम ठरलेल्या प्रमाणात तयार होतात. ते प्रमाण ०.०९३. थोरियम कणांना चिकटून लगेच तळाशी बसतं. प्रोटॅक्टिनियम जास्त काळ पाण्यात राहतं आणि प्रवाहाबरोबर बाहेर वाहून जातं. म्हणजे प्रवाह जोरात असेल तर गाळात ते कमी सापडेल, आणि प्रवाह थांबला तर गाळातलं प्रमाण ०.०९३ कडे सरकेल. बर्म्युडाजवळच्या गाळात यंगर ड्रायसच्या थरात ते वर गेलेलं दिसतं.

आणखी एक मुद्दा क्वचितच सांगितला जातो. मागच्या हिमयुगात ग्रीनलंडमध्ये अशा पंचवीसेक झपाट्याच्या उलथापालथी झाल्या. त्यांना डान्सगार्ड-ओएशगर घटना म्हणतात. प्रत्येक वेळी धूमकेतू आदळला असं कोणीच म्हणत नाही. हिमचादरी आणि समुद्र यांची जोडी स्वतःच्या बळावर असे झटके देऊ शकते, हे त्यावरून दिसतं.

उल्कापाताचं गृहीतक नेमकं काय म्हणतं?

२००७ मध्ये रिचर्ड फायरस्टोन आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी धूमकेतूचे तुकडे उत्तर अमेरिकेवर हवेत फुटले किंवा हिमचादरीवर आदळले. वणवे लागले, बर्फ वितळून अभिसरण बिघडलं, मोठे प्राणी नष्ट झाले आणि क्लोव्हिस ही उत्तर अमेरिकेतल्या शिकारी माणसांची संस्कृती संपली, अशी त्याची साखळी. अ‍ॅरिझोनातलं मरे स्प्रिंग्ज आणि न्यू मेक्सिकोतलं ब्लॅकवॉटर ड्रॉ ही त्यातली गाजलेली स्थळं. तिथे काळपट मातीच्या थराच्या तळाशी चुंबकीय गोलिका, नॅनोहिरे (अतिसूक्ष्म हिरे), इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण उल्कांत जास्त असणारा धातू), काजळी आणि कार्बनच्या गोळ्या सापडल्याचं सांगितलं गेलं. पुढे सीरियातल्या अबू हुरेरा या प्राचीन वस्तीतली, माती वितळून झालेली काचही या यादीत आली.

या पुराव्यात गडबड कुठे होते?

गोलिकांचंच उदाहरण घ्या. साधारण ३०० ते ५०० ग्रॅम गाळ घेतात, पाण्यात कालवून पातळ करतात, पिशवीत ठेवलेला ताकदवान निओडिमियम चुंबक त्यातून फिरवून चुंबकीय कण वेगळे करतात, वाळवून चाळतात आणि १५० मायक्रॉनपेक्षा बारीक भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गोल दिसणारे कण निवडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पृष्ठभाग आणि रासायनिक घटक बघतात. शेवटची पायरी गाळली की सगळं फसतं. दगडी कोळशाच्या राखेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांत आणि गाळात आपोआप तयार होणाऱ्या पायराइटच्या रासबेरीसारख्या गोळ्यांतही गोल कण असतात. शिवाय अंतराळातली धूळ पृथ्वीवर रोजच पडते. जिथे गाळ सावकाश साचतो त्या थरात ती आपसूक दाट होते. ओल्या, काळपट थरांचं नेमकं असंच असतं.

२००९ मध्ये दुसऱ्या गटाने सात ठिकाणी मोजणी केली, तर गोलिकांचं शिखर मिळालं नाही. २०१२ मध्ये तिसऱ्या गटाने चाळणी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून ते मिळाल्याचं सांगितलं. रीत बदलली की निकाल बदलतो, हेच या वादाचं मूळ दुखणं आहे. नॅनोहिऱ्यांची कथा जास्त सरळ आहे: २०१० मध्ये तपासणी झाली तेव्हा ‘हिरे’ म्हणून नोंदलेले कण ग्रॅफीनच्या (कार्बनच्या पातळ पापुद्र्यांच्या) गुच्छांसारखे निघाले. कार्बनच्या बऱ्याच गोळ्या बुरशीच्या कठीण गाठी आणि किड्यांची विष्ठा असल्याचं दाखवलं गेलं.

ग्रीनलंडच्या बर्फात प्लॅटिनम सापडलं, ते तर खरं ना?

खरं आहे, आणि हा या गृहीतकाच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. २०१३ मध्ये हार्वर्डच्या गटाने जिस्प-२ गाभ्यात यंगर ड्रायसच्या सुरुवातीजवळ प्लॅटिनमचं ठळक शिखर दाखवलं. अडचणी दोन. सामान्य दगडी अशनींत (आकाशातून पडलेल्या दगडांत) प्लॅटिनम आणि इरिडियम साधारण दोनास एक या प्रमाणात असतात. इथे इरिडियम त्या मानाने वाढलंच नाही. दुसरं, हे प्लॅटिनम काही महिन्यांत नव्हे, वीसेक वर्षांच्या थरांत चढत गेलं आणि उतरलं. एका दिवसाच्या धडकेची धूळ वातावरणातून दोनचार वर्षांत खाली बसते. म्हणून ज्वालामुखीसारखे इतर स्रोतही विचारात घ्यावे लागतात.

तारखांवर इतका भर का?

कारण ‘एकाच दिवशी चार खंडांवर’ असा दावा असेल, तर प्रत्येक थराची तारीख जुळलीच पाहिजे. २०१४ मध्ये डेव्हिड मेल्टझर आणि सहकाऱ्यांनी पुरावा म्हणून दिलेली २९ स्थळं तपासली. अपेक्षित काळात विश्वासार्हपणे बसणारी फक्त तीन निघाली.

स्वतः एखादा लेख वाचत असाल तर या गोष्टी बघा:

- तारीख रेडिओकार्बन वर्षांत (किरणोत्सारी कार्बन किती उरला त्यावरून काढलेल्या) आहे की दुरुस्त केलेल्या वर्षांत? १०,९०० रेडिओकार्बन वर्षं म्हणजे साधारण १२,८५० खरी वर्षं.
- ‘आजपासून’ म्हणजे कधीपासून? रेडिओकार्बनमध्ये १९५० पासून, बर्फाच्या गाभ्यात २००० पासून. इथे ५० वर्षं सहज हरवतात.
- कोळशाचा नमुना जुन्या खोडाच्या आतल्या भागातला असेल तर वणव्यापेक्षा त्याची तारीख शंभरदोनशे वर्षांनी जुनी येते.
- तारीख त्याच थरातून आहे, की वरच्या आणि खालच्या थरांतून रेघ ओढून काढलेली?

ग्रीनलंडमध्ये बर्फाखाली विवर सापडलं होतं. त्याचं काय झालं?

२०१८ च्या नोव्हेंबरात वायव्य ग्रीनलंडमधलं हियावाथा विवर जाहीर झालं. व्यास ३१ किलोमीटर, वर सुमारे एक किलोमीटर बर्फ. ते तरुण असू शकेल असं म्हटल्याबरोबर यंगर ड्रायसशी त्याची गाठ मारली गेली. २०२२ मध्ये तिथून वाहून आलेली वाळू आणि धडकेत वितळलेल्या खडकातले झिर्कॉन नावाचे खनिजकण यांवरून वय निघालं: सुमारे ५ कोटी ८० लाख वर्षं. जुने व्हिडिओ अजूनही फिरत आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.

विवर नाही म्हणजे आघात नाही, असं म्हणता येईल का?

तसं म्हणता येत नाही. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का इथे हवेतच स्फोट झाला, २,००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं आणि विवर पडलं नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड फुटला. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. पण या दोन्ही घटनांनी जगाचं हवामान हललं नाही. बाराशे वर्षांची थंडी आणायची तर धडक फार मोठी हवी, आणि तितकी मोठी धडक विवर किंवा जगभर पसरलेला निःसंशय थर मागे न ठेवता जाणं अवघड आहे.

जर्मनीतल्या ज्वालामुखीमुळे थंडी आली, हे खरं का?

लाखर झे इथला मोठा उद्रेक बराच काळ संशयित होता. राखेत गाडल्या गेलेल्या झाडांवरून २०२१ मध्ये त्याचं वय १३,००६ वर्षं ठरलं. म्हणजे उद्रेक थंडीच्या आधी शंभराहून जास्त वर्षं झाला. त्याला मूळ कारण मानणं आता कठीण आहे.

मॅमथ कशाने नष्ट झाले?

एका दिवसात नाही, एवढं नक्की. उत्तर अमेरिकेत मोठ्या सस्तन प्राण्यांच्या तीसहून जास्त प्रजाती-गट संपले, पण वेगवेगळ्या वेळी. सायबेरियाजवळच्या रँगेल बेटावर मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. ऑस्ट्रेलियातले महाकाय प्राणी यंगर ड्रायसच्या कितीतरी आधी गेले. आपल्याकडे नाहीशा झालेल्यांतलं उदाहरण शहामृगाचं: जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याचं कोरीव नक्षीचं कवच सापडलं, ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. हत्ती आणि गेंडा मात्र भारतात टिकले. माणसाची शिकार आणि बदलतं हवामान यांचा वाटा ठिकाणागणिक वेगळा आहे.

एखादा खड्डा आघातानेच झाला हे कसं सिद्ध करतात? लोणारचं कसं झालं?

गोल आकार पुरत नाही. ज्वालामुखीनेही गोल खड्डे होतात. खडकात धक्क्याच्या खुणा लागतात: क्वार्ट्झमधल्या ठरावीक कोनांतल्या समांतर पट्ट्या, कोएसाइटसारखी अतिदाबाची खनिजं, शंकूसारखे फुटलेले दगड, किंवा अशनीच्या धातूंचा अंश.

लोणारला पेच वेगळा होता. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसाल्टमध्ये आहे, आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. चहूकडे लाव्हाचाच खडक, त्यामुळे ते ज्वालामुखीचं मानणारेही बरेच होते. सरोवराच्या तळाखाली छिद्रं घेतल्यावर चुरा झालेला खडक मिळाला आणि त्यात मास्केलिनाइट सापडलं. धक्क्याच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची न वितळता झालेली ही काच असते. लाव्हातून ती तयार होत नाही. १९७३ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला. बेसाल्टमध्ये चांगलं टिकलेलं असं विवर जगात फार दुर्मीळ, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासकही इथे येतात.

लोणारच्या आघाताने हवामान बदललं का?

तसा पुरावा नाही. आघात त्या मानाने लहान होता. वयाचाही घोळ शिकण्यासारखा आहे. आघातात झालेल्या काचेच्या तापदीप्तीवरून (तापवल्यावर ती जो उजेड सोडते त्यावरून) वय सुमारे ५२,००० वर्षं आलं, खडकात साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवर आधारलेल्या पद्धतीने २०११ मध्ये ५ लाख ७० हजार. ६.५ कोटी वर्षं जुन्या बेसाल्टमधला आर्गॉन काचेत थोडा जरी अडकून राहिला तरी वय फुगतं, म्हणून त्याची वजाबाकी फार जपून करावी लागते. समोर विवर असूनही वयात दहापटीचा फरक पडतो, तर विवराविना थराची तारीख किती काळजीने घ्यायला हवी ते बघा. यंगर ड्रायसशी मात्र यांतलं कोणतंच वय जुळत नाही.

मग डायनोसॉर संपवणाऱ्या आघातावर शास्त्रज्ञांचा विश्वास कसा बसला?

तिथे साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सापडली. १९८० मध्ये इटलीतल्या गुब्बियोच्या मातीत इरिडियम, मग जगभर तोच थर आणि त्यात धक्का बसलेलं क्वार्ट्झ, १९९१ मध्ये मेक्सिकोतलं सुमारे १८० किलोमीटरचं चिक्शुलुब विवर, आणि ६.६ कोटी वर्षं हे जुळणारं वय. यंत्रणाही कळते: तिथल्या खडकात गंधकयुक्त जिप्सम होतं, २०१६ च्या छिद्रणात ते जवळपास गायब दिसलं, कारण वाफ होऊन ते वातावरणात गेलं आणि सूर्य झाकला गेला. तरीही दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती यावर मतभेद आहेत. २०१९ मध्ये दोन गटांनी पश्चिम घाटातल्या खडकांची वयं काढली. एकाच्या मते आघाताच्या थोडं आधी मोठा उद्रेक झाला, दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतर आला.

मुंबईजवळच्या समुद्रात ‘शिवा’ नावाचं विवर आहे म्हणतात?

शंकर चॅटर्जी यांनी ती कल्पना मांडली. धक्क्याच्या खात्रीलायक खुणा न मिळाल्याने ती स्वीकारली गेलेली नाही. भारतात मान्यता मिळालेली विवरं तीन: लोणार, मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ.

यंगर ड्रायससारखं पुन्हा होऊ शकतं का?

जसंच्या तसं नाही. तेवढी हिमचादर आणि तसं सरोवर आता उत्तर अमेरिकेवर नाही. पण अटलांटिक अभिसरण या शतकात मंदावेल हे जवळपास नक्की मानलं जातं. २०२१ च्या आयपीसीसी (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समिती) अहवालाने २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही असं मध्यम खात्रीने म्हटलं आहे. मध्यम खात्री म्हणजे निश्चिंती नव्हे. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून उपकरणांची रांग हा प्रवाह सतत मोजते आहे. तो मंदावला तर आपला मोसमी पाऊस कमी होतो, ही यंगर ड्रायसची नोंद महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतीसाठी दूरची गोष्ट नाही.

शेतात काळा, जड दगड सापडला. उल्का असेल का?

बहुतेक वेळा तो बेसाल्ट किंवा जुन्या भट्टीची मळी असते. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्याने चुंबक थोडा चिकटतोच, म्हणून ती परीक्षा इथे पुरेशी नाही. शिवाय ताकदवान चुंबक लावला तर खऱ्या अशनीतली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, तेव्हा तो टाळाच. त्याऐवजी घनता काढा. दगडाचं वजन करा. मग वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे दगडाचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. वजनाला त्याने भागा. २.९ च्या आसपास आलं तर बेसाल्ट. दगडी अशनी साधारण ३.३ ते ३.७, लोखंडी ७.८ च्या जवळ. आत वायूच्या पोकळ्या दिसल्या तर अशनीची शक्यता जवळजवळ संपते. वरून एक मिलिमीटरहून पातळ काळी साल आणि अंगठ्याने दाबल्यासारखे खोलगट ठसे असतील, तर दगड धुऊ नका, घासू नका, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा, सापडलेल्या जागेचा फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर किंवा पुण्याच्या कार्यालयात दाखवा. लोणारमधून मात्र दगड उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे आणि तिथला प्रत्येक तुकडा जागेवर असतानाच बोलतो.